हात न लावता तपासलेली पोरगी

"तूच दाब," डॉक्टर म्हणाले. "पोटावर. जरा जोरात. दुखतंय का विचार तिला."

ते टेबलाच्या पल्याड बसले होते. अल्याड मी उभी, कडेवर माही गंगू. दोन वर्षांची. दोन दिवसांपासून जुलाब, उलट्या. मान टाकून दिली होती लेकरानं.

भिलाईचा कारखाना तवा उभा होऊन राहिला होता. आमी भंडाऱ्याकडून आलेलो. नवरा ठेकेदाराकडे खोदकामावर, मी रेजा, घमेल्यानं माती वाहत होती. दवाखाना एका व्यापाऱ्याच्या ट्रस्टनं गरिबांसाठी काढला होता. औषध फुकट. डॉक्टर मराठी निघाले म्हणून मले बरं वाटलं होतं.

"कोण तुम्ही?" त्यांनी आधीच विचारलं होतं.

"बौद्ध."

"ते आता झालात. आधीचे?"

मी सांगतलं. दीक्षा घेऊन दोन वर्षं झाली होती, तरी सांगतलं. पोरगी कडेवर होती ना. डॉक्टरांनी खुर्ची मागं सरकवली. माह्या आधीच्या बाईच्या लेकराची त्यांनी जीभ पाह्यली होती, पोट स्वतः दाबलं होतं. मी पाह्यलं होतं ते.

मी दाबलं. माती उपसणारे हात, त्याइले काय कळते? गंगू रडली नाही. रडायची ताकदच नोहोती तिच्यात. हे मले तवा समजलं नाही.

"नाही दुखत, डॉक्टरसाहेब."

"मग काही नाही. जंत असतील."

कंपाउंडरनं बाटली जमिनीवर ठेवली. मी वाकून उचलली. आणि हात जोडले. मी हात जोडले त्याइले.

तिसऱ्या दिवशी सकाळी गंगू गेली. नाल्याच्या काठानं पुरली तिले. नवऱ्यानं एकदाच विचारलं, "दुखत नाही असं तूच म्हणली का?"

"हो."

तो उठून बाहेर गेला. पुढं कधी त्यानं हा विषय काढला नाही. त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्या झोपड्यांत इतवारी एक केरळची नर्स यायची. आपल्या सुट्टीच्या दिवशी, सायकलीवर, कोणी न बोलावता. तिले सगळे सिस्टर म्हणत. एका इतवारी तिनं शेजारणीच्या आजारी लेकराच्या पोटाची चामडी चिमटीत धरून सोडली. चामडी तशीच उभी राहिली. मोडक्या हिंदीत म्हणाली, "ऐसा खड़ा रहा तो पानी खतम. दौड़ो अस्पताल." ते लेकरू दुर्गच्या सरकारी दवाखान्यात नेलं. सलाईन लावली. वाचलं.

मी तिथंच मातीत बसली. एवढंच होतं? एक चिमटी?

काही महिन्यांनी ट्रस्टचा वार्षिक समारंभ निघाला. कमिटीची एक बाई वस्तीत आली. पाहुण्यांसमोर डॉक्टरांना हार घालायला गरीब बाया पाहिजे होत्या. "तुला मराठी येतं, डॉक्टरांच्या भाषेत दोन शब्द आभाराचेही बोल," ती मले म्हणाली.

मी हो म्हणलं. मले जायचंच होतं.

स्टेजवर हार घेऊन डॉक्टरांसमोर गेली. ते हळूच म्हणाले, "गळ्यात नको. टेबलावर ठेव."

त्याइनं मले ओळखलंही नोहोतं. फक्त लुगड्यावरून जातीचा अंदाज केला होता.

हार माह्या हातातच राहिला. मी माइकपाशी गेली.

"डॉक्टरसाहेब, माही पोरगी तुमच्यासमोर मरून राहिली होती. तुमी तिले हात नाही लावला. मी चूक सांगतलं, कावून का मले तपासता येत नोहोतं. तुमाले येत होतं."

कोणीतरी माइक बंद केला. दोघांनी दंडाले धरून मले खाली उतरवलं. दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं माहं नाव कामावरून काढलं. नवरा म्हणाला, "बरं केलं." एवढंच म्हणाला अन् गंगू गेल्यापासून पहिल्यांदा माह्या हाताचा चहा पेला.

मग मी सिस्टरच्या मागं लागली. मले शिकव. नाडी कशी पाहाची, जखम कशी धुवाची, कोणत्या लेकराले पळवत न्याचं. वस्तीनं वर्गणी करून एक झोपडी उभी केली, तिले आमी आमचा दवाखाना म्हणतो. औषधं सिस्टर मागून आणते. अजूनही लेकरं मरतात. मागच्या उन्हाळ्यात दोन गेली, माह्या मांडीवर. त्यायच्या आया माह्याकडे पाहतात तवा मले गंगूचं पोट हाताखाली लागते.

कमिटीची बाई परत आली होती, पेट्या अन् पाटी संगं घेऊन. म्हणाली, औषधाच्या पेट्या देतो, आमचे डॉक्टर इथं बसतील, दारावर ट्रस्टची पाटी लागेल.

मी म्हणलं, "पेट्या ठेवा. पाटी वापस न्या. अन् डॉक्टरले बसाचं असंल तर आधी इथल्या प्रत्येक लेकराले मांडीवर घ्या लागंल, वस्तीसमोर."

ती गेली. पेट्याही घेऊन गेली.

जाऊ दे. पेट्यांसाठी मी हात जोडणार नाही. जो कोणी ह्या दारात आजाऱ्याले जात विचारंल, त्याले मी बाहेर काढीन. मंग तो कोणीही असो.