घुमाऱ्याचं बटण

जगात नवीन करण्यासारखं काही उरलेलं नाही, जे आहे ते उघडून बघायचं आणि तसंच दुसरं करायचं, एवढ्या एका श्रद्धेवर माझ्या थोरल्या साडूंनी अख्खं आयुष्य काढलं आहे. ओळख झाली की माणसं नाव-गाव विचारतात. आमचे साडू आधी तुमच्या घरातला टीव्ही फिरवून त्याची पाठ बघतात. ते जेवायला येणार असले की आमची सौभाग्यवती मिक्सर कपाटात ठेवून किल्ली कमरेला खोचते. एकदा वरण आणि ताक यांच्या मधल्या वेळात त्यांनी तो उघडला होता. परत जोडल्यावर एक स्क्रू उरला, तर तो माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "कंपनीनं जास्तीचा घातला होता." खरं सांगायचं तर मिक्सर त्यानंतर कधी बिघडला नाही, पण हे मी घरात बोलून दाखवत नाही.

नोकरीभर ते ओझरच्या कारखान्यात विमानाचे भाग करत होते. तिथे नकाशात आहे तस्सं करणं हाच धर्म. कुणी स्वतःची अक्कल चालवली तर विमान खाली यायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी इंदिरानगरच्या घराखालचं गॅरेज रिकामं केलं, स्कूटर अंगणात उन्हात उभी केली आणि आत अॅम्प्लिफायर बनवायला सुरुवात केली. नमुना होता एका ऑर्केस्ट्रावाल्याने दुरुस्तीला दिलेल्या जर्मन मशीनचा. साडूंनी दुरुस्ती केली, पण त्याआधी त्याची कुंडली मांडून घेतली. आपल्या मशीनवर त्यांनी नावही त्या जर्मन कंपनीचंच घातलं, फक्त मधलं एक अक्षर बदलून. "कायद्याला एका अक्षराचं अंतर पुरतं," असं ते मला ठासून सांगत, जणू कायदा त्यांनी आदल्या दिवशीच उघडून पाहिला होता. मशीन कुठलं म्हणून कुणी विचारलंच तर म्हणत, "जर्मन. आपल्या अंबडच्या थोडं पुढे."

त्या मूळ मशीनला पाच बटणं होती. चार सरळ होती: आवाज, बेस, ट्रेबल आणि माइक. पाचव्याच्या तारा मात्र एका काळ्या डिंकाच्या गोळ्यात जाऊन गडप व्हायच्या. तो गोळा साडूंनी तापवला, खरवडला, एकदा तर दाताखाली धरूनही पाहिला, पण जर्मनांनी दाद दिली नाही. दुसरा कुणी चार बटणांचं मशीन करून मोकळा झाला असता. पण मुळात पाच आहेत म्हणजे पाचच, हा ओझरचा संस्कार. साडूंनी पाचवं बटण बसवलं. आतून ते कशालाही जोडलेलं नव्हतं. बटण म्हटलं की नाव हवं, म्हणून इंग्रजी अक्षरांत त्याच्याखाली 'घुमारा' असं लिहून टाकलं. जर्मन मशीनवरचा हा शब्द लोकांना जपानी वाटला आणि मशीनचा भाव वधारला. आत काही नाही, हे फक्त मला माहीत होतं. "पाहुणे, हे आपल्या दोघांत," असं ते म्हणाले होते, आणि मी बायकोलाही सांगितलं नाही, यावरून गोष्ट किती गंभीर होती ते कळावं.

पुढे जे झालं त्याला काय म्हणावं! घुमारा गाजला. भजनी मंडळं, मंडपवाले, कीर्तनकार गॅरेजसमोर येऊन उभे राहू लागले. एक मंडपवाला डोळे मिटून सांगायचा, "काका, घुमारा निम्म्यावर ठेवला ना, तर पखवाज नुसता छातीत वाजतो बघा. पूर्ण फिरवला तर मात्र म्हाताऱ्यांना सोसत नाही." साडू गंभीरपणे मान हलवायचे आणि बजावायचे, "लहान हॉलमध्ये जपून वापरा." हळूहळू त्यांची स्वतःचीही पंचाईत झाली. एकदा संध्याकाळी ते अभंग ऐकत बसले होते, आणि मध्येच उठून त्यांनी घुमारा किंचित कमी केला. मी हसलो. ते हसले नाहीत.

असं सगळं छान चाललेलं असताना एका गिऱ्हाइकाने बातमी आणली, की हुबेहूब असंच मशीन चांदवडला मिळतं. साडूंनी ते मागवून घेतलं. तोच पत्रा, तोच रंग, तीच पाच बटणं. त्यांनी एक अक्षर बदललेल्या नावातलं आणखी एक अक्षर कुणीतरी बदललं होतं, आणि पाचव्या बटणाखाली ठसठशीत 'घुमारा'! साडू कडाडले, "ही चोरी आहे, पाहुणे!" मी विचारलं, "आणि आपण करतो ते?" "तो अभ्यास!" ते ओरडले. मशीन उघडायलाही त्यांनी नकार दिला. चोराच्या मालाला हात लावणार नाही म्हणाले, आणि मला ओढत वकीलबाईंकडे घेऊन गेले.

वकीलबाई शांतपणे विचारत गेल्या. बाहेरचा आकार कुणाचा? जर्मनांचा. आतली रचना? त्यांचीच. नाव? "त्यातलं एक अक्षर माझं." मग तुमचं स्वतःचं यात आहे तरी काय? साडू खुर्चीत ताठ झाले. "घुमारा! तो संपूर्ण माझा. जर्मनीतसुद्धा नाही." बाईंचा चेहरा उजळला. "उत्तम. मग ते बटण नेमकं काय करतं ते सांगा. कोर्टात सगळ्यांसमोर उघडून दाखवावं लागेल." साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. आयुष्यात स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट त्यांच्याकडे होती, आणि ती आपली आहे हे सिद्ध करायचं तर ती पोकळ आहे हेही सिद्ध होणार होतं. "विचार करून सांगतो," म्हणाले आणि उठले. इतका पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता, आणि मला मनापासून वाईट वाटलं.

शेवटी चोराला समोरासमोर गाठायचं ठरलं. चांदवडला कांदा मार्केटजवळ दुकान सापडलं. चोर म्हणजे चाळिशीची एक बाई होती. डोक्यावर पदर आणि हातात तापलेली सोल्डरिंग गन. साडूंनी आपण कोण ते सांगताच ती लगबगीने उठून पाया पडली. "अगं बाई, घुमारावाले काका! बसा ना. तुमचंच मशीन बघून शिकले मी. पन काका, राग नका मानू, त्या घुमाऱ्याची वायर जोडायची राहून जायेल व्हती बघा. लय शोधलं, कुठंच जायना. म्हनलं, काकांच्या कामाच्या घाईत राहिलं आसंल. मंग मीच इचार केला, घुमारा लिहेल हाय म्हनजी आवाज घुमला पायजे. दोन वर्सं डोकं लावलं, तवा कुठं जमलं."

तिने माइक साडूंच्या हातात दिला. सवयीने त्यांनी तो उलटा करून पाहिला. मग घसा साफ करून हलकेच म्हणाले, "हॅलो." बाईने पाचवं बटण फिरवलं, "आता बोला." साडू पुन्हा "हॅलो" म्हणाले, आणि त्यांचा तो चिरका आवाज देवळाच्या गाभाऱ्यातून यावा तसा भरून आला. बाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरवरचा माणूस वळून बघायला लागला. साडू माइक धरून तसेच बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "उघडून बघा ना काका, दाखवते कसं केलंय ते," बाई म्हणाली. "नको," साडू म्हणाले, "ते तुझं आहे, बाई." परतीच्या वाटेवर ते आपणहूनच म्हणाले, "मी नुसतं लिहिलं होतं हो. तिनं ते खरं मानलं."

तेव्हापासून त्यांच्या मशीनला चारच बटणं असतात. घुमारा मागणाऱ्याला ते चांदवडचा पत्ता देतात, त्यामुळे गॅरेजसमोरची गर्दी आता ओसरली आहे. परवा गेलो तेव्हा एक नवं मशीन पुढ्यात घेऊन बसले होते. त्यावर नाव घालायचं राहिलं होतं. जर्मन नाव आता नको म्हणत होते. मी म्हटलं, मग तुमचंच घाला. "माझं नाव वाचून कोण घेईल हो?" त्यांनी विचारलं, अगदी खरंखुरं उत्तर हवं असल्यासारखं. "मी घेतो," मी म्हणालो. मग त्यांनी घराकडे तोंड करून माझ्या मेव्हणीला हाक मारली, "चहा टाक गं, गिऱ्हाईक आलंय."