भिलाभाऊचा बिनबॅटरीचा सेट

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. सिक्युरिटी लाइनमध्ये ते परवडतच नाही. गार्डने 'साहेब, गोडाउनमध्ये काहीतरी फिरतंय' असं कळवलं की मी विचारायचो, 'गेटपास आहे का त्याच्याकडे?' तेव्हा हे वाचून तुम्हाला हसू आलं तर खुशाल हसा.

मी सुरतला एका खाजगी सिक्युरिटी एजन्सीत फील्ड ऑफिसर होतो. वॉकीटॉकीला आम्ही नुसतं 'सेट' म्हणायचो. सेटवर ऑर्डर आली की गार्डने ती परत म्हणून दाखवायची, कोणाची ते नावासकट, आणि ज्याची ऑर्डर त्याने 'रॉजर' म्हणायचं. रॉजर म्हणजे बरोबर, जबाबदारी माझी. हा नियम खुद्द आमच्या डायरेक्टर साहेबांचा. सेटवर त्यांचं नाव 'टायगर वन'... स्वतःच ठेवलेलं, हे सांगायला नकोच.

पलसाण्याच्या एका डाइंग मिलवर आमचे गार्ड होते. मागच्या गेटने कापडाचे ताके चोरीला जायचे, म्हणून ते गेट दिवसाही कुलूप लावून बंद ठेवलं गेलं. एका दुपारी गोडाउनला आग लागली. मागच्या गेटवर भिलाभाऊ होता – माझ्याच शिंदखेड्याकडचा. चावी त्याच्याजवळ नव्हती, पुढे ऑफिसात होती. त्याने खिडकीचे गज वाकवून कामगार बाहेर काढले आणि स्वतः धुरात राहिला.

मग चौकशी बसली – गेट बंद ठेवायची ऑर्डर कोणाची? आणि समितीचे अध्यक्ष कोण? टायगर वन! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. सेटवरचं सगळं ऐकणाऱ्या कंट्रोल रूमच्या मेहुलला तर काहीच 'याद नथी'.

सकाळची वेळ, लख्ख उजेड, ऑफिसात आम्ही पाच-सहा जण. टेबलावर पुरावा म्हणून भिलाभाऊचा अर्धा वितळलेला सेट ठेवलेला. साहेबांनी रिपोर्ट वाचला – गार्डने स्वतःच्या मर्जीने गेट बंद केलं आणि चावी हरवली.

मी म्हणालो, "सर, तो माणूस विचारल्याशिवाय पाणी प्यायलासुद्धा जायचा नाही. मेल्यावर त्याच्या माथी हे मारू नका."

"पाटीलभाई, मरेला माणसने हवे शुं फरक पडवानो?" मेलेल्याला आता काय फरक पडणार, असं म्हणून साहेब सह्यांची जागा शोधायला लागले.

तेवढ्यात सेट खरखरला. आणि त्यातून तंबाखूने बसलेला, भिलाभाऊचा रोजचा आवाज आला...

"पिछला गेट बंद. चावी ऑफिस में जमा. ऑर्डर टायगर वन. ओव्हर."

साहेबांनी मान वर न करता, इतक्या वर्षांच्या सवयीने म्हटलं, "रॉजर."

मग त्यांचा पेन थांबला. मेहुलच्या हातातला चहा सांडला. मी सेट उचलून उलटा केला – बॅटरीची जागा रिकामी, आत नुसती काजळी.

साहेबांनी घसा खाकरला. "किसी का सेट चालू है, बंद करो." कोणाकडेच सेट नव्हता. तरी सगळ्यांनी खिसे चाचपल्यासारखं केलं, आणि एकेकाने निमूटपणे त्याच रिपोर्टवर सही केली. मी केली नाही. माझी बदली कामरेजच्या एका ओसाड प्लॉटवर झाली, तेव्हा मी नोकरीवर लाथ मारली. मेहुलला नंतर विचारलं तर म्हणाला, "एवुं कंई थयुं ज नथी." म्हणजे असं काही घडलंच नाही! खरं सांगतो, भिलाभाऊच्या आवाजाने अंगावर काटा आला होता, पण मेहुलचं हे बोलणं ऐकून किळस आली.

भिलाभाऊच्या बायकोला, वहिनींना, मी सगळं सांगितलं. त्या घाबरल्या नाहीत.

"आवाज त्यास्नाच व्हता ना?"

"हा, वहिनी."

"मंग सायब काय बोलनात?"

"रॉजर बोलनात. म्हंजे मान्य शे."

"मान्य शे ना? मंग कागदवर यास्नं नाव काब्रं लिखं?"

बॅटरीशिवाय सेट कसा बोलला, हे रिपेअरवाल्यांना विचारून झालं, सगळे वेड्यात काढतात. त्याचं स्पष्टीकरण मला मिळालं नाही तरी चालेल. पण कागदावर भिलाभाऊचंच नाव का लिहिलं, याचं उत्तर मात्र मी वहिनींना अजून दिलेलं नाही.