बहिऱ्या कानाचा हवालदार

किस्से तणसाच्या ढिगासारखे. एक पेंडी ओढली की चार अंगावर येतात! नातू म्हणे, "आबा, लिहून ठेवा." मी चौथी नापास. शाळेनं शिकवलं ते सारं विसरलो. हवालदारकाकांनी शिकवलं ते राहिलं, म्हणून लिहून राहिलो. पटलं नाही तर वाचू नका.

देश नुकताच स्वतंत्र झाला होता. केशोरीकडच्या आमच्या गावात मात्र लढाई चालूच! वरचा टोला, खालचा टोला अशा दोन वस्त्या, मधे तलाव. तलावाचं पाणी धानाला सोडायचं तोंड म्हणजे तुडूम. त्यावरून डोकी फुटत. आम्ही वरच्या टोल्याचे. खालच्या टोल्यातल्या एकानं माझ्या बापाचा उजवा हात मोडला, तो वाकडाच जुळला. पुढच्या वेळी मुडदा पडणार, हे साऱ्यांनाच ठाऊक होतं.

अशात हवालदारकाका ब्रह्मदेशाच्या लढाईत एक कान गमावून घरी आले, अन् दोन्ही टोल्यांची पोरं तलावाच्या पाळीवर एकत्र बसवायला लागले.

*

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "भांडण सुरू कोणं केलं?"

"त्यायनं!" दोन्हीकडून एकदम ओरड.

काकांनी बहिरा कान पुढे केला. "हे आयकाचा कान हाच होता. गेला! आता चांगल्या कानात सांगा, थांबवते कोण?"

साऱ्यांनी एकमेकांकडे बोटं दाखवली!

*

एकानं विचारलं, "काका, दुश्मन कितीक मारले?"

"ते सोड. एक जपानी पकडला होता, त्याले भात देल्ला. आपल्यावानीच खाये, बोटं चाटून. दुश्मनाले जेवताना पाहू नोको बाबू. मंग नेम लागत नाही!"

*

काकांनी कबड्डी लावली, टीम मिसळून. आमचाच गडी चढाई करून परत आला, अन् मी त्याचेच पाय धरून त्याला पाडलं! माझ्या बापाचा हात मोडणाऱ्याचा पोरगा तो. हात आपसूक गेले!

काका म्हणाले, "बेस! आपलाच गडी पाडला. साऱ्या लढाया अशाच होतेत."

*

काकी छत्तीसगडच्या. त्यांनी त्या पोराला अन् मला समोरासमोर बसवून एकमेकांना प्रसाद द्यायला लावला. झालो आम्ही 'महापरसाद'! म्हणजे जन्माचे मित्र. एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. आजही लिहीत नाही. त्याचे मायबाप ते माझे मायबाप. दिसले की पाया पडायचं, अन् डोक्यावर हात ठेवेपर्यंत उठायचं नाही.

माझा बाप भडकला. "ज्यानं हात मोडला, त्याच्या पोराचा बाप व्हू का मी?"

काकी म्हणाल्या, "हो गये भैया, अब क्या!"

*

आज दोन्ही टोल्यांची नातवंडं त्या तलावात संगं पोहतात. काका-काकी नाहीत. त्यांचे उपकार फिटणारे नाहीत, फेडतही नाही.

आम्ही महापरसाद झालो त्या साली पाऊस दडला. धान करपायला लागलं. दोन्ही टोले काठ्या घेऊन तुडुमावर आले. समोरासमोर माझा बाप अन् महापरसादचा बाप! काठ्या उगारल्या, तेवढ्यात महापरसाद मधे घुसला अन् माझ्या बापाच्या पायावर पडला.

"ऊठ बे!" माझा बाप ओरडला.

तो उठेना. डोक्यावर हात कुठं होता?

बापाचा वाकडा हात त्याच्या डोक्यापर्यंत पोचेना. चांगल्या हातात काठी. दोन्ही टोले पाहून राहिले. शेवटी बाप खेकसला, "अगा, पाहता काय? धरा ना कोणी काठी!"

काठी महापरसादच्या बापानं धरली.