रस्त्याकडचं दार

मी कवठ्याहून निघालो तेव्हा माझी पेटी दादानं, थोरल्या भावानं, खांद्यावर घेतली होती. स्वतः एसटीच्या टपावर चढून त्यानं ती बांधली आणि खाली उतरून म्हणाला, "शिकून ये. हितलं म्या बघतो." त्यानं खरंच बघितलं. चौथीत शाळा सोडून मळा सांभाळला, म्हणून मी पुण्यात सिव्हिलची पदवी घेऊ शकलो आणि दौंडला रेल्वेची क्वार्टर्स बांधण्याच्या कामावर लागलो. हे उपकार आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं कडू आहे.

मी शाळेत असताना आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, काळ्या दगडाचं कौलारू घर बांधलं. दोन खोल्या आणि पुढं पडवी. माझं लग्न झाल्यावर ते म्हणाले, सुट्टीत सुनेला घेऊन येतोस, तर पडवीला लागून एक खोली काढ. नकाशा तूच कर.

कितीतरी रविवार मी त्यात घातले. जोत्याची उंची तीच, दगड त्याच खाणीतला, कौलांचा उतारही तेवढाच. आढं मात्र जुन्या आढ्यापेक्षा वीतभर खाली घेतलं. आप्पांच्या घरापुढं माझी खोली उंच दिसायला नको. दार रस्त्याकडे दिलं. दौंडहून शिरूरमार्गे पोहोचेपर्यंत घरची जेवणं उरकलेली असत. वहिनींच्या चुलीपुढून ये-जा नको, एवढाच विचार. क्वार्टर्सना दारं अशीच असतात.

नकाशा पडवीत पसरला. आप्पांना आढं फार आवडलं. दादाचं बोट दारावर थांबलं.

आमच्याकडे मुलाच्या खोलीला रस्त्याकडे दार पडतं ते वाटणीच्या वेळी. आधी दार, मग चूल, मग शेतात बांध. हे मी लहानपणापासून पाहिलेलं होतं आणि तरी विसरलो होतो.

"कवापासून डोक्यात हाय?" त्यानं विचारलं.

मी गाड्यांच्या वेळा सांगू लागलो. तर जन्मभर मला अरेतुरे करणारा दादा म्हणाला, "तुम्ही नका तरास घेऊ, साहेब. आमाला कागद कळत न्हाई. दार कळतं."

मी तिथंच दार खोडलं आणि पडवीत उघडणारं काढून दाखवलं. तो उठून उभा राहिला.

"कागदावरलं खोडलंस. मनातलं बुजलं व्हय?"

मग मीही मागं हटलो नाही. म्हणालो, घर आप्पांचं आहे, तुझ्या एकट्याचं नाही. त्याची शंका मीच माझ्या तोंडानं खरी करून दिली. आप्पांनी नकाशाची गुंडाळी केली आणि ते मळ्यात निघून गेले.

पाया खणायला गवंडी आला तेव्हा त्या जागेवर कडब्याची गंज उभी होती. तेव्हापासून दादा दरवर्षी ती तिथंच रचतो. खोली झाली नाही.

तुम्हीही गाव सोडलेले आहात, म्हणून सांगतो. मागं राहिलेल्या माणसाचं भय मला आज समजतं. राग मात्र गेलेला नाही; त्याचा नाही, माझाही नाही. कुणी गाव विचारलं की मी अजून कवठेच सांगतो. वर्षातून दोनदा जातो. चपला काढायच्या आधी वहिनी विचारतात, परत कुठल्या गाडीनं? मी वेळ सांगतो. मग त्या पाणी आणतात.