वरून सोडलेली पाण्याची धार

भीमाशंकराच्या गाभाऱ्यात उभं राहून मी एकदा माझ्या सासूबाईंचं मरण मागितलं होतं. एक माणूस सोडलं, तर ही गोष्ट मी आजवर कुणापाशी बोललेली नाही. अनुभव सांगताना लोक देवानं काय दिलं ते सांगतात. मला आधी मी काय मागितलं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं खोटं ठरेल.

आमचं घर निमगाव सावाचं. सासूबाईंना आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी आत्या म्हणायचे. बाई कडक. लग्न होऊन आले त्या वर्षी माझ्या कालवणाला त्या पाहुण्यांदेखत म्हणाल्या होत्या, "ह्याच्यापरीस न्हाणीतलं पाणी बरं." ते मी विसरले नव्हते. गळ्यात माळ, सोवळंओवळं मोठं. पाणी प्यायच्या ते कायम वरून. भांड्याला ओठ लागला की भांडं उष्टं झालं. शेतात कामाच्या घाईतसुद्धा तांब्या वर उचलायचा, मान मागं टाकायची आणि धार थेट घशात, एक थेंब लुगड्यावर सांडायचा नाही.

एकोणीसशे नव्वदनंतरच्या वर्षांत त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. नारायणगावच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. हात थरथरतो तो आजार, एवढंच आम्ही समजलो. बाकीचं कुणी विचारलं नाही. पुढं त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. डोळ्याची पापणी हलायची नाही, आवाज बारीक झाला, तोंडातून लाळ गळायची. मी भरवायला बसले की घास गालात धरून माझ्याकडं एकटक बघत राहायच्या. मला तो सगळा राग वाटायचा. खरं सांगते, मी त्या चेहऱ्याला भ्यायले आणि कंटाळलेही. एकदा ताट खाली आपटून मी म्हणाले, "माझ्या हातचं गोड लागत नसंल तर तसं सांगा की सरळ! जन्मभर तर सांगतच आलाय." त्या नुसत्या बघत राहिल्या. तो घास तसाच गालात.

पाणी मात्र मी त्यांच्या रीतीनंच पाजायचे. मान मागं करायची, तोंड उघडायला लावायचं आणि वरून धार सोडायची. ठसका लागला की आपल्याकडं सगळेच म्हणतात तसं म्हणायचे, "वर बघा, आत्या, वर बघा." मी त्यांचं सोवळं सांभाळतेय याचं मला समाधानही होतं. मग मधूनच ताप यायचा, छाती कफानं भरायची. दुसऱ्यांदा असं झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न जात नाही, आता नाकातून नळी घालावी लागेल. आत्यांनी मान हलवली. कान तोंडाशी नेला तेव्हा ऐकू आलं, "नळी नको. येकडाव भीमाशंकराला न्या."

दिवाळी झाल्यावर आम्ही दोघा नवराबायकोनं त्यांना जीपमधून नेलं. घोडेगाव गेलं, डिंभ्याचं धरण गेलं, पुढं घाटात गार वारं लागलं. त्या खिडकीतून झाडं बघत होत्या. पायऱ्यांवरून डोलीनं खाली उतरवलं. गाभाऱ्यात गर्दी फारशी नव्हती. पिंडीवर हात ठेवला आणि मी मनात म्हणाले, देवा, आता हिला ने. त्यांचे हाल बघवत नाहीत म्हणून मागितलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण त्यात माझीही सुटका होती, आणि ती मला आधी आठवली होती.

बाहेर सभामंडपात आत्यांना खांबाशी बसवून मी तीर्थ दिलं. मान मागं केली, धार सोडली. या वेळी नुसता ठसका नव्हता. आवाजच बंद झाला, डोळे पांढरे झाले, ओठ निळे पडायला लागले. मी ओरडत होते, "वर बघा, वर बघा!" आणि हनुवटी धरून त्यांचं तोंड वर करत होते. तेवढ्यात दर्शनाला आलेली एक साठीची बाई रांगेतून पुढं आली आणि माझा हात झटकून म्हणाली, "आगं, मान खाली घाल तिची! मारतीस का काय म्हातारीला?"

तिनं आत्यांना पुढं वाकवलं आणि पाठीत दोन खांद्यांच्या मधे तळहातानं जोरात थापा मारल्या. पाणी बाहेर आलं, श्वास आला. मी तिथंच खाली बसले. माझ्या मनातलं तिनं ऐकलं, असंच मला वाटलं.

बाई घोडेगावाकडची. तिच्या मालकांना हाच आजार होता, ते वारले होते. पुण्याच्या दवाखान्यात तिला भरवायचं कसं ते शिकवलं होतं. आत्यांचा श्वास नीट जाग्यावर येऊ दिला, मग तिनं आपला डबा उघडला. घट्ट, मऊ कालवलेला दहीभात होता. आमच्या तीर्थातले चार थेंब त्यात घातले आणि चमचा पुढं केला. आत्यांनी तोंड फिरवलं. "उष्टं," एवढंच त्या म्हणाल्या.

बाई हसली. "आजी, आवो ह्यो मसणात राहणारा देव! ह्येला कसला आलाय इटाळ? घ्या गुमान. हनुवटी छातीकडं घ्या. हां. आता गिळा. आजून येकडाव गिळा."

आणि आत्यांनी तोंड उघडलं. घास घशातून खाली उतरताना मला दिसला. अर्धा डबा त्यांनी सावकाश संपवला. मी त्या बाईला हळूच विचारलं, "ताई, मग त्या एवढ्या रागानं का बघतात माझ्याकडं?"

"राग कुठला आलाय? आमच्या मालकांचं बी आसंच व्हतं. आतून हसायचं, पर तोंडावर यायचंच न्हाई."

मला आत्यांकडं बघवेना. डोळे पुसून वर पाहिलं तोवर बाई रांगेत पुढं निघून गेली होती. नावही विचारलं नाही. देव तिच्या रूपानं आला असं मी म्हणणार नाही. तिचा दुपारचा अर्धा डबा आम्ही संपवला, एवढं मात्र नक्की.

नंतर पुण्याच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. मेंदूच्या आतल्या एका भागातल्या पेशी सुकत जातात, त्यांच्यातून पाझरणारं रसायन कमी पडतं आणि हालचालीचे हुकूम मंदावतात. हातापायाचे तसेच चेहऱ्याचे, जिभेचे, घशाचेही. लाळ जास्त होत नाही, ती आपोआप गिळायचं शरीर विसरतं. पाणी पातळ, ते घसा सावरायच्या आत श्वासनळीत उतरतं. कधी ठसकाही लागत नाही आणि ताप येतो. मान मागं टाकली की ती वाट आणखी मोकळी होते. हनुवटी खाली घेणं सगळ्यांनाच लागू पडत नाही, म्हणून त्यांनी आत्यांना समोर बसवून, चमच्या-चमच्यानं तपासूनच सांगितलं. गोळी लागू झाल्यावर भरवायचं, ताठ बसवून, घट्टसर, घाई न करता.

घाई न करणं मला शिकायला लागलं. पण पुढची काही वर्षं आमच्या घरातली सुखाची गेली. दुपारी ओट्यावर आम्ही दोघी तासभर जेवत बसायचो. मऊ खिचडी, घट्ट खीर, नाचणीची लापशी. शेजारणी म्हणायच्या, "सासूसुनंचं जेवान हाय का लगीन?" नळी लागली नाही. शेवटी आत्या वयानं गेल्या, शांतपणे.

त्याच्या आधीच्या वर्षी, अशाच एका दुपारी, न राहवून मी त्यांना सांगून टाकलं. गाभाऱ्यात काय मागितलं ते, शब्दन् शब्द. त्यांनी तोंडातला घास आधी नीट गिळला. मग मी कान जवळ नेला.

"मी बी त्येच मागितलं व्हतं गं," त्या म्हणाल्या. "दोघींचं बी ऐकलं न्हाई त्यानं." आणि थोड्या वेळानं, "लई शाना हाय."

चेहऱ्यावर काही उमटलं नाही. पण त्या हसत होत्या, हे मला कळलं.

आता मी देवळात जाते तेव्हा पिंडीवर नुसता हात ठेवते. काय हवं ते मला कळतं, असा माझा भरवसाच राहिलेला नाही, आणि त्याचं मला बरंच वाटतं. त्यानं त्या दिवशी माझं ऐकलं नाही, त्याचे उपकार कसे फेडू?