ओकच्या खोलीबाहेरचे बूट

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर टिंगल करायला वाचत आलोय. कुणाच्या मामाला पुलावर बाई दिसली, कुणाच्या फ्लॅटमधला नळ आपोआप सुरू झाला... मी खाली कॉमेंट टाकायचो, ‘वॉशर बदललात का?’ माझं कामच तसं आहे. मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो, गाड्यांच्या ब्रेकचं टेस्टिंग करतो. ब्रेक फेल झाला की त्याला कारण असतंच, आणि ते सापडेपर्यंत शोधत राहायचं – आयुष्यात मला एवढंच येतं. आता मीच लिहायला बसलोय, तेव्हा ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा.

गेल्या वर्षी माझे बाबा नाशिकहून सहा महिन्यांसाठी आले होते. त्यांचं सहस्रचंद्रदर्शन इथेच करायचं ठरलं. ‘कशाला उगाच थाट?’ असं ते रोज म्हणायचे आणि पाहुण्यांमध्ये रोज एक नाव वाढवायचे. देवळाचा हॉल काही मिळेना. शेवटी मृणालनं, माझ्या बायकोनं, घरापासून अर्ध्या तासावरची एक जुनी इस्टेट शोधून काढली. डेट्रॉईटमध्ये गाड्यांचा पैसा नवा नवा होता तेव्हा कुणा कारखानदारानं बांधलेला बंगला. आता तिथे लग्नं आणि पार्ट्या होतात.

बुकिंगच्या आधी आम्ही दोघं बघायला गेलो. तिथली मॅनेजर लिंडा, साठीची, बोलघेवडी बाई. तिनं आम्हाला एका मोठ्या खोलीत नेलं. भिंतींना छतापर्यंत काळपट ओकचं लाकूड, जमीनही ओकचीच. ही खोली मूळची अमेरिकेतली नाहीच म्हणे. इंग्लंडमध्ये सफोक भागात एक मॅनर हाउस होतं – म्हणजे आपल्याकडच्या गढीसारखं, गावच्या जमीनदाराचं घर. पहिल्या महायुद्धात ते जखमी सैनिकांच्या हॉस्पिटलसाठी घेतलं गेलं. नाचाच्या हॉलमध्ये खाटा, तबेल्यात अँब्युलन्स, आणि या खोलीत, जी त्यांची जेवणाची खोली होती, तिथे सगळ्यात वाईट जखमांचे पेशंट. घराचे दोन्ही मुलगे तिकडे फ्रान्सच्या आघाडीवर मारले गेले. युद्ध संपलं तेव्हा मागे म्हातारी आई आणि एवढं मोठं घर. जिने, दारं, छपरावरचे शिशाचे पत्रे, सगळं सुटं सुटं विकलं गेलं, उरलेल्या विटा रस्त्याच्या भरावात गेल्या. ही एक खोली तेवढी पेट्यांत भरून समुद्रापार आली आणि इथे पुन्हा जोडली.

“त्या घराचं आता एवढंच उरलंय,” लिंडा म्हणाली.

मी म्हटलं, “छान आहे. फक्त आमची पूजा आहे, त्यामुळे सगळे लोक बूट बाहेर कॉरिडॉरमध्ये काढतील. चालेल ना?”

तिला फारच आनंद झाला. जुन्या लाकडावर हिल्स नकोतच होत्या तिला. म्हणाली, “गंमत बघा, ते सैनिकही बूट बाहेरच काढायचे. मालकीणबाईंनी घर दिलं, पण माझ्या ओकवर मिलिटरीचे बूट नकोत म्हणाल्या. दाराबाहेर रांग असायची. आणि मग...” इथे ती थांबली. “तुमचा बर्थडे आहे ना? चला, किचन दाखवते.”

मृणालनं माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले.

आता सबनीसकाकांबद्दल. निरंजन सबनीस हा माझा मित्र, आमच्याच सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे कॉलनीत, राहतो. त्याचे वडील पुण्याहून आले होते. बाबांची आणि त्यांची अशी गट्टी जमली की काय सांगू! रोज सकाळी दोघं तळ्याभोवती चालायचे आणि चिवडा नाशिकचा चांगला की पुण्याचा यावर भांडत परत यायचे. मृणालनं दोघांना एकाच दिवशी एकाच मापाचे राखाडी वॉकिंग शूज आणून दिले. इकडे आलेल्या सगळ्या आईवडिलांचा तो युनिफॉर्मच आहे, बघा कधीही. बाबांची टाच दुखायची, म्हणून त्यांच्या बुटात आम्ही जेलची गादी घातली. एवढाच काय तो फरक.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी, भर दुपारी कार्यक्रम झाला. खोलीत ज्योत पेटवायला परवानगी नव्हती, म्हणून औक्षणाला बॅटरीच्या पणत्या. गुरुजींनी त्या ताटाकडे बघून एक सुस्कारा सोडला आणि मंत्र सुरू केले. बाबांचे डोळे भरून आले. माझेही आले, लपवत नाही. सबनीसकाकांना जरा लवकर निघायचं होतं, निरंजनची रात्रीची फ्लाइट होती. जाताना बाबांना म्हणाले, “आता शंभरीला येतो हं. तेव्हा तरी खऱ्या पणत्या लावा!”

सगळे पांगल्यावर मी कॉरिडॉरमध्ये बाबांचे बूट घ्यायला गेलो. रांगेत आमच्या घरच्यांच्या चपला होत्या, बाबांचे बूट नव्हते. मग दिसले. समोरच्या खिडकीखाली, भिंतीला टोकं लावून, एकटेच ठेवलेले राखाडी बूट. दोन्ही बुटांच्या लेस एकमेकींना बांधलेल्या.

कुणा पोराचा वात्रटपणा, दुसरं काय! मी खाली बसून गाठ सोडायला लागलो. सुटेना. नख मोडलं, तरी सुटेना. आणि लेस ओल्या होत्या... आठवडाभर पाऊस नव्हता, फरशी कोरडी होती, बूट कोरडे होते. फक्त त्या लेस ओल्या आणि गार. शेवटी दातांनी गाठ सोडवली. आत बाबा खुर्चीवर बसले होते, मी स्वतः त्यांच्या पायात ते बूट चढवले. “जरा घट्ट बांध,” एवढंच म्हणाले.

वळलो तर दारात लिंडा. मला बाजूला घेऊन तिनं विचारलं, “ते खिडकीखाली होते? बांधलेले?”

मी हो म्हटलं. “तुमच्या कुणा माणसानं बांधले का?”

तिनं नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, “टूरमध्ये मी हे नेहमी सांगते. तुमचा बर्थडे होता म्हणून गाळलं. त्या हॉस्पिटलात एखादा गेला, की वॉर्डबॉय त्याचे बूट रांगेतून काढून, लेस बांधून, खिडकीखाली ठेवायचा. गोदामात परत न्यायला सोपं पडावं म्हणून. नंतर नंतर म्हणे... माणूस जायच्या आधीच बूट तिथे दिसायला लागले. आणि वॉर्डबॉय शपथेवर सांगायचा, मी नाही ठेवले.” माझा हात धरून म्हणाली, “आय अ‍ॅम सॉरी. ही नुसती स्टोरी आहे.”

नुसती स्टोरी. मीही गाडीत स्वतःला हेच सांगत होतो, आणि आरशातून मागे बसलेल्या बाबांकडे बघत होतो.

पुढचे दिवस कसे गेले ते मलाच ठाऊक. माझा विश्वास नव्हता, पण वडील माझे होते ना! दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरकडे नेलं. ईसीजी, इको, रक्त, सगळं नॉर्मल. ओळखीचे एक कार्डिओलॉजिस्ट काका आहेत, त्यांच्याकडे नेलं. ते म्हणाले, “अरे, तुझ्यापेक्षा यांचं हार्ट बरं आहे, तूच टेस्ट करून घे.” बाथरूममध्ये दांडे बसवले. जिन्यावर मी त्यांच्या पुढे चालायचो. मृणालला सगळं सांगितलं होतं, बाबांना एक अक्षर नाही. ते वैतागले. “काय लावलंयस हे? मला चालायलाही जाऊ देत नाहीस! सबनीस एकटेच फिरतात तिकडे.”

“थंडी आहे बाबा.”

“मग त्यांना नाही का थंडी?”

कारण सापडलं तर दुरुस्ती करता येते. इथे दुरुस्त करण्यासारखं काही बिघडलेलंच नव्हतं. धडधाकट माणूस समोर बसून पेपर वाचतोय, आणि आपण त्याच्या छातीकडे बघतोय, वरखाली होतेय की नाही... इतकं हतबल मला कधीच वाटलं नव्हतं.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या जरा आधी, दुपारी, निरंजनचा फोन आला. काका तळ्याकाठच्या बाकावर बसले होते. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटलं, ऊन खात बसलेत. अँब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं.

खरं सांगतो, पहिल्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. बाबा नाहीत! मग स्वतःची भयंकर लाज वाटली आणि मी रडायला लागलो. रात्री खिचडी घेऊन त्यांच्याकडे गेलो. निरंजन सारखा एकच म्हणत होता, “यार, काही कळलंच नाही रे. एक दिवस आधी जरी काही कळलं असतं ना...” मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो होतो. माझ्या डोक्यात तेव्हाही काही आलं नाही.

फ्यूनरलच्या सकाळी बाबा गराजच्या दाराशी मोज्यांवरच उभे. मी म्हटलं, “बूट घाला ना, उशीर होतोय.”

“हे कसे घालू? हे त्यांचे आहेत.”

“कुणाचे?”

“सबनीसांचे. तुझ्या त्या हॉलमध्ये अदलाबदल झाली. ते लवकर निघाले, रांगेत राखाडी दिसले ते घालून गेले. माझे होते ते. दुसऱ्या दिवशी सकाळी, तू मला डॉक्टरकडे न्यायच्या आधी, चालताना म्हणाले, अहो, माझ्या बुटात कुणीतरी गादी घातलीय, गुडघ्याला काय आराम पडलाय! मग मीच म्हटलं, राहू द्या तुमच्याकडे. तुम्हाला नाही सांगितलं. मृणाल लगेच गाडी काढून बदलून आणायला निघाली असती.” बाबांना हसू आलं आणि मग ते हमसून रडायला लागले. “गेले तेव्हाही पायात माझेच होते रे.”

मी तिथेच पायरीवर बसलो. खिडकीखालचे बूट बाबांचे नव्हतेच. काकांचे होते, म्हणूनच काकांना ते रांगेत दिसले नाहीत. इको, ईसीजी, दांडे... सगळं मी चुकीच्या माणसाला केलं, आणि ज्याला करायचं तो माणूस रोज सकाळी माझ्या घरावरून एकटा चालत जात होता, मला हात करत होता.

त्या रात्री बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “बूट त्यांचे आहेत हे तुला आधी कळलं असतं, तर काय केलं असतंस?”

“सांगितलं असतं.”

“काय सांगितलं असतंस?”

निरंजनला मी अजून काहीही सांगितलेलं नाही. तो हे वाचत असेल तर... निरंजन, फोन कर. नाहीतर नको करूस.

बाबा सुखरूप परत गेले, ठणठणीत आहेत. तुमच्यापैकी कुणीतरी विचारेलच, म्हणून सांगतो – लेस कुणी बांधल्या, ओल्या कशानं झाल्या, मला माहीत नाही. फोटो बघितले, व्हिडिओ बघितले, त्या कॉरिडॉरमध्ये कुणी पोरगं गेलेलंही दिसत नाही.

मागच्या शनिवारी एकांकडे मुंज होती. दाराबाहेर नेहमीसारखा चपलाबुटांचा ढीग. मृणाल मला शोधत बाहेर आली, तर मी उकिडवा बसून सगळ्यांच्या जोड्या विस्कटत होतो. कुणाचा डावा कुणाच्या उजव्याशी, पोरांचे सँडल म्हाताऱ्यांच्या बुटांत. ती शेजारी उभी राहिली. उपयोग नाही हे मलाही कळतं. त्या दिवशी काका स्वतः फसले, मी फसलो, पण ज्यानं कुणी ती गाठ मारली त्यानं राखाडी बुटांच्या दोन सारख्या जोड्यांमधून काकांचेच उचलले होते.