जांभळाखालचं पाणी

आमच्या विहिरीच्या वरच्या टेकडीवरची झाडं दिराने ठेकेदाराला विकली आणि पुढच्याच साली विहीर शिमग्याला आटली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं घरातल्या एकाही पुरुषाला वाटलं नाही. त्यांनी पाणी बघणारा आणला.

तो तळहातावर नारळ घेऊन उघड्या टेकडीभर फिरला. नारळ काही उभा राहीना. शेवटी एकच जांभूळ उरलं होतं, त्याच्या सावलीत गेला आणि नारळ ताठ उभा राहिला. सगळ्यांना आनंद झाला. बोअरची गाडी आत यायला जागा हवी, म्हणून दिराने आधी ते जांभूळ पाडलं. बोअरमधून नुसती धूळ उडाली. सासरे म्हणाले, "नारळच खोटा निघाला."

मग मी हंडे घेऊन पलीकडच्या वाडीतल्या म्हातारीच्या विहिरीवर जाऊ लागले. तिच्या विहिरीच्या वर रान आहे. तिथला पाचोळा कुणी जाळत नाही, माती पायाला मऊ लागते. पाऊस तिथे मुरतो. आमच्या टेकडीवरून तो माती घेऊन खाडीकडे पळतो.

म्हातारीने विचारलं, "काय गं, तुमचा नारळ काय म्हणतो?"

मी मान खाली घातली.

"लाजतेस कशाला? रोज ने पाणी, माझी ना न्हाय. पण तुझ्या दिराला पाठवू नको हां. झाडं बघितली की त्याचा हात शिवशिवतो."

घरी आले तर दीर म्हणाला, "वैनी, दमलात ना? उद्या मी जातो."

"नको भावजी," मी म्हटलं, "मला जड होत नाही." दोन्ही हंडे अजून डोक्यावरच होते.